पिशव्यांजवळ कोण बसणार?

जगातल्या सगळ्यात उंच मनोऱ्यावर पोचल्यावर माणसं काय करतात ते मी सांगते. घरी फोन करतात. खाली समुद्र, वाळवंट, काडेपेटीएवढ्या इमारती, आणि आमच्या ग्रुपमधला एखादा गृहस्थ काचेकडे पाठ करून भिलाईतल्या शेजाऱ्याला विचारत असतो, "कूलर में पानी डाला क्या? टंकी का मोटर बंद किया ना?" पलीकडून त्याची खात्री पटेपर्यंत सूर्य बुडालेला असतो. खाली उतरल्यावर हाच गृहस्थ मला विचारतो, मॅडम, त्या सूर्यास्ताचं काय झालं.

बरीच वर्षं मी दुबईला माणसं नेत होते. भिलाईच्या सुपेल्यातल्या एका लहानशा ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात टूर लीडर म्हणून होते. माझे वडील रेल्वेत गार्ड. तुमसरकडून बदली होऊन दुर्गला आले आणि तिथलेच झाले. लग्न होऊन मी भिलाईला सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये आले. सुरुवात महिला मंडळाच्या बायका अमरकंटकला नेण्यापासून झाली. पुढे भिलाईची पोरं पुण्या-बंगलोरला नोकरीला लागली आणि आईबाबांना परदेश दाखवण्याची त्यांना हौस आली. स्वतः रजा काढून घेऊन जाण्याची हौस मात्र कोणाला नव्हती. ते काम माझ्याकडे आलं.

आमचे मालक सुपेल्यात बसून उंटावरून शेळ्या हाकत. "सुनंदाताई, ग्रुप सांभाळून न्या," एवढं सांगितलं की त्यांचं काम संपलं. शेळ्या परवडल्या असत्या. शेळ्यांना बाथरूमला जायचं असलं तर त्या सगळ्या वेगवेगळ्या वेळी जायचं म्हणत नाहीत.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बुर्जचं तिकीट म्हणजे आपल्या जत्रेतल्या पाळण्याचं तिकीट नाही, की आलो, चढलो. त्यावर वेळ छापलेली असते. त्या वेळेला तुम्ही दारात हजर पाहिजे. दुपारच्या तिकिटांना फारसं कोणी विचारत नाही. संध्याकाळची मात्र सगळ्यांना हवी असतात, कारण त्या एका फेरीत ऊन, सूर्यास्त आणि शहराचे दिवे असं तिन्ही पाहायला मिळतं. ती तिकिटं कितीतरी आधी काढून ठेवावी लागतात. वर गेल्यावर हवं तेवढं थांबा, कोणी हाकलत नाही. पण एकदा उतरणाऱ्या लिफ्टमध्ये पाय ठेवला की संपलं, त्या तिकिटावर परत वर जाता येत नाही. हे मी बसमध्ये सांगायचे, मॉलमध्ये सांगायचे, रांगेत सांगायचे. पालथ्या घड्यावर पाणी. दर खेपेला कोणीतरी बाथरूम शोधत खाली उतरायचंच आणि मग खालून मला फोन करायचं, की मॅडम, हे लोक आत सोडून नाही राहिले.

मला सगळ्यात नवल वाटायचं ते आमच्या प्लांटच्या, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या माणसांचं. आयुष्यभर शिफ्टला कधी उशीर केला नाही. पाऊस असो, घरात पाहुणे असोत, हे वेळेवर गेटवर. आणि रिटायर होऊन सहलीला निघाले, की यांच्यातलं घड्याळच जणू कोणीतरी काढून घेतलं. मनोऱ्याच्या पायथ्याशी पोचायचे आणि खांबांकडे बघत उभे राहायचे. लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या स्ट्रक्चरल शॉपमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी खांबावर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं आणि पायलिंग, म्हणजे पायातले खांब, किती खोल आहे म्हणून मला विचारलं. मला काय माहीत? मी तिकिटं हलवत होते. दुसरे एक होते, ते वर जाईपर्यंत इमर्जन्सी एक्झिट शोधत राहिले आणि सापडल्यावर एकदम खूश झाले. त्यांचा बुर्ज तिथेच पाहून झाला.

दुर्गजवळच्या बोरसीच्या एक आजी वर गेल्यावर हात जोडून विचारत होत्या, "बाई, दुर्ग कोन्या बाजूले येते?" मागून कोणीतरी मला ढकलत होतं, म्हणून मी मिळेल त्या दिशेला बोट केलं. त्यांनी तिकडे भक्तिभावाने नमस्कार केला, सुनांची-नातवंडांची नावं घेतली. नंतर कळलं, ती बाजू इराणची होती. मी त्यांना सांगितलं नाही. पोचला असेल नमस्कार कुठेतरी.

पण आज जे सांगायला बसले ते गभने काका आणि कुसुमकाकूंचं. इतके ग्रुप नेले, इतक्यांदा डोकं फिरलं, तरी त्या संध्याकाळइतका वैताग मला कधी आला नाही, आणि तो कोणावर काढावा हे आजही ठरलेलं नाही.

गभने मूळचे भंडाऱ्याकडचे. शेती थोडी, भाऊ जास्त, म्हणून तरुणपणीच प्लांटमध्ये आले आणि क्रेन ऑपरेटर झाले. बरीच वर्षं सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहिले, रिटायर झाल्यावर बोरसीला स्वतःचं घर बांधलं. सहलीच्या आधी मी प्रत्येकाच्या घरी जायचे. पासपोर्ट पाहायचे, औषधं कोणत्या पिशवीत ठेवायची ते सांगायचे, ठेचा-लोणचं आणू नका म्हणून हात जोडायचे. त्यासाठीच मी त्यांच्याकडे गेले होते. लेकीने दोघांची तिकिटं काढून दिली होती.

मी बुर्जबद्दल माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. एवढे मजले, एवढी उंची, लिफ्ट अशी सुसाट. काकूंनी मला मध्येच थांबवलं.

"बाई, मले बुर्जाचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मले यांच्यासंग वर उभं राहाचं आहे. एकाच टायमाले, एकाच जागी. तेवढं जमवून द्या."

मला काही उमगेना. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. काकांची क्रेन होती स्टील मेल्टिंग शॉपमध्ये. केबिन वर, छताजवळ, आणि खाली हुकांना लटकलेली वितळलेल्या लोखंडाची भलीमोठी बादली. अशी क्रेन सोडून जाता येत नाही. शिफ्ट संपली म्हणून माणूस सुटत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस शिडी चढून वर येतो, मी आलो म्हणतो, तेव्हाच पहिला उतरतो. त्या पुढच्या माणसाला म्हणायचं रिलीव्हर. रिलीव्हर तापाने फणफणला, त्याच्या घरी मयत झाली, त्याची सायकल पंक्चर झाली, की वरचा माणूस वरच. भिलाईतल्या कुठल्याही बाईला विचारा. रिलीव्हर आला नाही, हे वाक्य तिने नवऱ्याच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलेलं असेल.

"पोरीच्या साखरपुड्याले हे आले, तवा तंबूवाले सतरंज्या गुंडाळून राहिले होते," काकू म्हणाल्या. "पोराच्या बारशाले आले तवा पोरगं झोपून गेलं होतं. माया बापाले नेलं, तवा हे घाटावर थेट पोचले. का, त रिलीव्हर आला नाही. आता मी कोनावर रागवू? त्या रिलीव्हरले त मी पाहिलं बी नाही."

काका शेजारीच बसले होते, सुपारी कातरत. त्यांना हे सगळं पाठ असावं. ते हसून म्हणाले, "आता कोन्ता रिलीव्हर? आता त रिटायर झालो मी."

मी काकूंना शब्द दिला, की तुम्हाला दोघांना एका लिफ्टने वर नेते आणि शेजारीशेजारी उभं करते. त्यात काय अवघड होतं? दोन माणसं, एक लिफ्ट. याहून सोपं काम मला त्या धंद्यात कोणी सांगितलं नव्हतं.

नागपूरहून विमानाने गेलो. पहिले दिवस नेहमीसारखे गेले. म्हणजे कोणाचे दात हॉटेलात राहिले, कोणाला उंटावर बसून भोवळ आली. ग्रुपमध्ये एक बोरकर होते, प्लांटच्या रेल मिलमधून रिटायर झालेले. यांचं घर म्हणजे सेक्टर दोनमध्ये काकांच्या जुन्या क्वार्टरच्या मागची लाइन. त्यांनी ठेच्याची बरणी आणली होतीच, वर चिवड्याचा डबा आणला होता, आणि दोन्ही जिथे जातील तिथे घेऊन फिरत. आणखी एक होत्या लताबाई, माझ्याच सेक्टर दहाच्या, रिटायर शिक्षिका. सबंध ग्रुपमध्ये माझं ऐकणारी ती एकच बाई.

बुर्जच्या दिवशी मी सगळ्यांना बजावलं, की आज पिशव्या नकोत, खाणं नको. पायथ्याशी तपासणी असते, ते लोक सोडत नाहीत. हो हो म्हणाले सगळे. आणि मॉलमधून मनोऱ्याच्या दाराशी पोचलो तर एकूणएक माणसाच्या हातात पिशवी. काहींच्या हातात दोन. येताना मॉलमध्ये खरेदीही केली होती. मी कपाळाला हात लावला. दारावरच्या मुलीने अगदी नम्रपणे सांगितलं, की मोठ्या पिशव्या आणि खाणं आत नेता येणार नाही, पलीकडे सामान ठेवायची सोय आहे, टोकन मिळतं.

सोय आहे म्हटल्यावर प्रश्न मिटायला हवा. इथेच आमचं घोडं अडलं.

बोरकर म्हणाले, टोकन हरवलं तर? शिवाय पिशवीत त्यांच्या शुगरच्या गोळ्या. मी म्हटलं, गोळ्या खिशात ठेवा. तर म्हणाले, चिवडा खिशात ठेवू का? आणि मग कोणीतरी तो प्रश्न विचारला, जो भिलाईच्या माणसाच्या रक्तातच असतो. "पिशव्यांजवळ कोन बसते?"

बाहेरच्यांना हे कळायचं नाही. प्लांटमध्ये गँग कामाला लागली की जेवणाचे डबे एका ठिकाणी ठेवतात आणि डब्यांजवळ एक माणूस ठेवतात. कुत्री असतात, कावळे असतात. तीच सवय पिकनिकला. धरणावर जा, जंगलात जा, सगळे फिरायला आणि एक माणूस डब्यांजवळ. डबे कुलपात ठेवायची सोय असली तरी एक माणूस डब्यांजवळ. आता दुबईच्या त्या चकचकीत मॉलमध्ये ना कुत्रं ना कावळा, फरशीत तोंड दिसेल अशी स्वच्छता, पायापायाला कॅमेरे. तरी माणूस पाहिजेच.

"मी बसतो," गभने काका म्हणाले, आणि बसले सुद्धा. भिंतीच्या कडेला सगळ्या पिशव्यांचा ढीग झाला आणि त्याच्या टोकाला काका. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

काकू उभ्याच होत्या. म्हणाल्या, "तुमी उठा."

"तू हो पुढं, येतोच मी."

येतोच हे त्यांनी किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. त्या लिफ्टच्या रांगेकडे वळल्या. मी मात्र बोलले. काका, उठा, पिशव्या गेल्या तर मी भरून देते, वेळ संपून राहिली आहे. माझी मराठी सुद्धा रागात वडिलांसारखी होते. दारावरची मुलगी घड्याळ दाखवत होती, मागची रांग आमच्या अंगावर येत होती. काका शांतपणे म्हणाले, कोणी सोडवायला आलं की मी लगेच येतो, तुम्ही सगळ्यांचं नुकसान नका करू. हा माणूस एकदा बसला की क्रेनने उचलला तरी उठणार नाही, हे मला दिसत होतं.

शेवटी मी बोरकरांना धरलं. तुमच्या चिवड्यासाठी हे चाललंय, तेव्हा तुम्ही वर जायचं, एक चक्कर मारायची, लगेच उतरून काकांना वर पाठवायचं. काकांचं तिकीट त्यांच्याच गळ्यातल्या पाकिटात आहे. काकू वर थांबतील.

"हाव मॅडम," बोरकर छातीवर हात ठेवून म्हणाले, "मीच रिलीव्हर."

वर गेलो. मला दर खेपेला तिथे क्षणभर बरं वाटायचं, म्हणजे गलका सुरू होईपर्यंत. त्या दिवशी हवा स्वच्छ होती. समुद्र तांबूस झाला होता आणि खालचे रस्ते एकमेकांत गुंतलेले दिसत होते. सगळे काचांना जाऊन चिकटले. काकू चिकटल्या नाहीत. त्या वर येणाऱ्या लिफ्टच्या समोर, लोकांच्या वाटेत, पदर घट्ट धरून उभ्या राहिल्या. मी दोनदा म्हटलं, काकू, तोवर बघून तर घ्या. त्या म्हणाल्या, येऊ द्या ना त्याईले, संगच पाहू.

आणि बोरकर? बोरकर भिलाईला व्हिडिओ कॉलवर होते. सुनेला समुद्र दाखवत होते, मग सुनेच्या आईला, मग शेजारी दाखवायचे राहिले होते म्हणून त्यांना. मी जाऊन खांद्याला हात लावला. त्यांनी मान हलवली, बोटाने एक मिनिट असं दाखवलं. तेवढ्यात एका बाईंना गरगरलं, त्यांना बसवून पाणी आणायला मी गेले. परत येऊन पाहते तर बोरकर तिथेच. आता फोनवर दुसरा कोणीतरी होता आणि बोरकर त्याला सांगत होते की आपल्या प्लांटच्या चिमणीपेक्षा फार काही उंच वाटत नाही.

मी लिफ्टकडे वळले. काकू नव्हत्या.

डोकी मोजली, पुन्हा मोजली. पूर्ण गोल फेरी मारली. बाथरूममध्ये हाका मारल्या. बाईला इंग्रजी येत नाही, मोबाईल नाही, हॉटेलचं नाव तिला सांगता येणार नाही. लताबाईंना म्हटलं, ग्रुप सांभाळा, मी शोधते. आणि लिफ्टपाशी येते तर दार उघडलं आणि आतून गभने काका बाहेर आले. एकटे. गळ्यात तिकिटाचं पाकीट, चेहऱ्यावर नव्या जागी कामाला आलेल्या माणसाचा भाव.

"काका, तुम्ही? काकू कुठे?"

"खाली," ते म्हणाले. "पिशव्यांजवळ."

त्यांनी सावकाश सांगितलं. काकू उतरून आल्या, समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी आली, आता तुम्ही मोकळे. वर फार छान आहे, मी पाहिलं, तुम्ही पाहून या, मग दोघं मिळून पुन्हा जाऊ. दारावर आता एक माणूस होता, त्याच्याशी पण त्याच बोलल्या. वेळ टळून गेली होती, तरी त्याने काकांना आत सोडलं.

"मी पाहतो अन् लगेच खाली जाऊन तिले घेऊन येतो," काका म्हणाले.

मला त्या क्षणी किंचाळावंसं वाटत होतं. मी त्यांना सांगितलं, की काका, उतरलेल्या माणसाला परत वर येता येत नाही. बसमध्ये सांगितलं होतं, रांगेत सांगितलं होतं, काकू सगळ्यात पुढे बसून ऐकत होत्या. त्यांना हे चांगलं माहीत होतं.

काकांनी गळ्यातलं तिकिटाचं पाकीट उलटून पाहिलं. मग म्हणाले, "म्हनजे ती आता येनार नाही."

"नाही."

"अन् तिनं काहीच पाहिलं नाही."

"नाही. तुमची वाट पाहत होत्या."

ते तसेच वळले, उतरणाऱ्या लिफ्टकडे. मी वाट अडवली. मला त्यांचा राग आला होता, बोरकरांचा आला होता, चिवड्याचा आला होता, आणि काकूंचा सगळ्यात जास्त. पण आता हेही उतरले तर दोघांमध्ये मिळून कोणीच काही पाहिलं नाही, असं झालं असतं. मी म्हटलं, काका, त्यांनी तुम्हाला पाठवलंय ना, मग आता बघा. त्या काचेपाशी उभं राहा. मी सांगितल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

सांगितलं की ऐकतात, हा प्लांटच्या माणसाचा गुण. ते काचेपाशी जाऊन उभे राहिले. मी लताबाईंना ग्रुप सोपवला, त्या कंपनीत राहून कधी केलं नव्हतं ते केलं आणि ग्रुप वर सोडून एकटी खाली गेले.

काकू पिशव्यांच्या ढिगावर मांडी घालून बसल्या होत्या. समोरून श्रीमंत बायका, गोरी माणसं, ट्रॉल्या चालल्या होत्या. त्या पिशव्यांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. मी खाली येताना सगळं ठरवून आले होते, काय काय बोलायचं ते. बोलले सुद्धा. म्हटलं, काकू, तुम्ही मला शब्द द्यायला लावलात आणि तुम्हीच मोडायला लावलात. बघा ना जरा आजूबाजूला. कोण हात लावणार आहे या पिशव्यांना?

"मालूम आहे मले," काकू म्हणाल्या. "त्याईले बी मालूम आहे."

"मग?"

"मंग काय. बोरकर त येत नव्हता. मी पाहून राहिली होती त्याले. मले वाटलं, हे आताबी खालीच राहतीन, अन् मी आताबी वाटच पाहीन. तवा म्हटलं, आपनच जाऊ."

दारावरच्या माणसाला काय सांगितलंत, असं मी विचारलं. तो कुठला होता देव जाणे, पण त्याला हिंदी समजत होतं.

"काही नाही. म्हटलं, भाऊ, ये ड्यूटी पे थे."

मग माझा हात ओढून त्यांनी मला शेजारी बसवलं, बोरकरांच्या चिवड्याच्या डब्यावर.

"बाई, तुमाले एक सांगू? मी समोर उभी राहिली अन् म्हटलं, मी आली, तुमी उतरा. उतराच म्हटलं मी, उठा नाही. तर त्याईनं असं पाहिलं मायाकडं. तोंड असं मोकळं झालं, जसं पाठीवरचं पोतं कोनी उचलून घेतलं. हे तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं. घरी येत तवा थकलेलं तोंड येत होतं, तेच मले मालूम. हे उतरतानाचं तोंड जलमभर त्या रिलीव्हरनंच पाहिलं. आज मी पाहिलं."

माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला रागच आला, कारण ड्यूटीवर असताना टूर लीडरने रडायचं नसतं. मी उठून उभी राहिले आणि साडी नीट केली.

तेवढ्यात आमची मंडळी उतरू लागली. बोरकर सगळ्यात पुढे. त्यांनी डबा उघडून चिवडा पाहिला, ठेच्याची बरणी हलवून पाहिली आणि काकूंना म्हणाले, तुम्ही कधी खाली आल्या? एकेकाने येऊन आपापली पिशवी उचलली. ढीग उतरत गेला. शेवटी काकूंना उठावंच लागलं, कारण बसायला काही उरलं नाही. त्या आपली आणि काकांची अशा दोन पिशव्या हातात घेऊन उभ्या राहिल्या.

काका मात्र आले नव्हते. शेवटच्या लिफ्टने लताबाई आल्या, त्याही एकट्या.

"गभने काका कुठे?" मी विचारलं.

लताबाई दमल्या होत्या. म्हणाल्या, "यायलाच तयार नाहीत. किती समजावलं. म्हणतात, मॅडमने सांगितलंय, त्या सांगेपर्यंत इथून हलायचं नाही. मॅडम आल्या की उतरतो म्हणे."

मॅडम खाली. मॅडमचं तिकीट संपलेलं. काकांचा मोबाईल काकूंच्या हातातल्या पिशवीत. बाहेर बसचा ड्रायव्हर मला सारखा फोन करत होता, कारण त्याला तिथे जास्त वेळ गाडी उभी करता येत नाही. पुढे जेवणाची बोट ठरलेली होती, ती आमच्यासाठी थांबणार नव्हती. ग्रुपमध्ये कुजबुज सुरू झाली, एका माणसापायी सगळ्यांना उशीर म्हणून. आणि ही कुजबुज सुरू केली बोरकरांनी.

मुंबईच्या एका ग्रुपचा गाईड माझ्या ओळखीचा होता, मघाशी वर दिसलाही होता, तो अजून वर असणार हे मला माहीत होतं. काचेपाशी एक उंच, सावळे काका उभे असतील, त्यांना म्हणावं सुनंदा मॅडमने खाली बोलावलंय, एवढा निरोप त्याला द्यायचा होता. मी मोबाईल काढला, नंबर लावायला घेतला. काकूंनी दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं.

"जरा थांबा, बाई," त्या म्हणाल्या. "पाहू द्या त्याईले. आज उशीर झाला त चालते."

ड्रायव्हरचा फोन पुन्हा वाजू लागला. मी तो बंद करून पर्समध्ये टाकला.